थांबलेले सर

मंगळवार पेठेतल्या एका स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये मी नोकरी करते. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीच्या भिंतींना आवाज घुमू नये म्हणून काळा फोम चिकटवलाय. तिथे सर फळ्यासमोर उभे राहून गणित शिकवतात आणि काचेच्या अलीकडे, पंख्याचा आवाज माइकमध्ये जातो म्हणून पंखाच नसलेल्या एका चिंचोळ्या खोलीत मी बसते. कॅमेरा, माइक आणि लाइव्ह हे माझं काम. विद्यार्थी आपापल्या घरी ब्राउझरमध्ये आमची साइट उघडून तास बघतात. ज्यांचं चित्र थांबतं ते मला फोन करतात.

"मॅडम, सर थांबल्यात," अशीच सुरुवात असते. सर कसे थांबले याची वर्णनं ऐकण्यासारखी असतात. कुणाकडे त्यांचा हात हवेत अडकलेला असतो, कुणाकडे डोळे मिटलेले. एकदा एका विद्यार्थ्याच्या आईनं काळजीनं विचारलं होतं, सरांना काही झालं-बिलं नाही ना, मघापासून आ वासून उभे आहेत. मी काचेतून बघितलं. सर मजेत टक्केवारी शिकवत होते.

थांबण्याचे प्रकार असतात. चित्र थांबलं पण आवाज चालू आहे, म्हणजे बहुतेक वेळा समोरचा कॉम्प्युटर दमलाय. ढीगभर टॅब उघडे असतात, नाहीतर कॉम्प्युटरच जुना असतो. चित्र आणि आवाज दोन्ही थांबून मधे गोल चक्र फिरतंय, म्हणजे नेट कमी पडतंय. तिसरा प्रकार सगळ्यांत लबाड. दोन्ही थांबलेलं, चक्र नाही, नेट व्यवस्थित, दुसरी साइट झटक्यात उघडते. इथे आमच्या पानावरचा प्लेअरच, म्हणजे व्हिडिओ दाखवणारा चौकोन, हरवलेला असतो. मधे थोडा वेळ नेट गेलं, तेवढ्यात तास पुढे निघून गेला, आणि नेट परत आल्यावर कुठून धरायचं ते त्याला कळत नाही. तो शेवटचं चित्र धरून बसून राहतो. अशा वेळी पान रीलोड करायचं, म्हणजे सर परत हलायला लागतात.

हे मी कॉलेजात शिकले नाही, इथे बसून शिकले. पदवी माझी बीएस्सीची. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. आई आजऱ्यात काजूच्या कारखान्यात बिया फोडते. टरफलाच्या तेलानं तिच्या बोटांचं कातडं काळं पडलंय आणि ते आता कशानंही निघत नाही. आमच्या हायस्कुलात कॉम्प्युटर होते, पण कापडाखाली. गणिताच्या बाईंनी ते कापड बाजूला केलं आणि खराब झाला तर माझ्यावर येईल, तुम्ही हात लावा, असं सांगितलं. त्या बाईंचे माझ्यावर उपकार आहेत. सरांचेही आहेत. मुलाखतीत माझं इंग्रजी अडखळलं तेव्हा ते मराठीत बोल म्हणाले आणि पुढचा सगळा वेळ स्वतःही मराठीतच बोलले. हे मी विसरणार नाही. पण उपकार मानायचे म्हणजे प्रत्येक गोष्टीला मान डोलवायची, असं मला कुणी शिकवलेलं नाही.

सरांनी खेड्यातल्या मुलींसाठी फी न घेता एक तुकडी काढली होती. कल्पना पूर्णपणे त्यांची. परीक्षा घेऊन मुली निवडल्या. अट एकच, हजेरी. रोज संध्याकाळचा तास, फी भरणाऱ्या मुलांबरोबरच, पूर्ण बघायचा. जी बघणार नाही तिची जागा प्रतीक्षेत असलेल्या मुलीला जाईल. कोण बघतंय आणि कुणाचा प्लेअर थांबलाय हे मला माझ्या स्क्रीनवर दिसतं. प्रत्येकीच्या नावासमोर हिरवा ठिपका असतो, थांबलं की तो राखाडी होतो.

एक दिवस सरांनी मला बोलावून एका मुलीचं नाव काढायला सांगितलं. आजऱ्याच्याही पलीकडच्या एका लहान गावातली मुलगी. निवड परीक्षेत तिला उत्तम गुण होते. पण तास सुरू झाल्यावर थोडा वेळ तिचा ठिपका हिरवा असायचा, मग राखाडी व्हायचा तो शेवटपर्यंत. जवळजवळ रोज. सर म्हणाले, लावून ठेवते आणि म्हशीच्या धारा काढायला जाते, दुसरं काय.

मी म्हणाले, ती जात नसेल, तिचं थांबत असेल.

"मग फोन का केला नाही तिनं तुला? बाकीचे करतात की."

सर पुढे म्हणाले तिकडं नेटच नाही, त्याला आपण काय करणार. मग जरा हसून म्हणाले, "तुझ्या गावाकडची म्हणून बोलतेस तू."

"होय सर, म्हणूनच बोलते," मी म्हणाले. "तिकडं नेट आहे. माझी आई रोज रात्री व्हिडिओ कॉलवर मला जेवलीस का विचारते."

सरांनी सोमवारपर्यंत मुदत दिली. तोवर कारण सापडलं नाही तर नाव काढायचं, आणि ते मीच काढायचं.

त्या संध्याकाळी तिचा ठिपका राखाडी झाला तसा मी तिच्या नावापुढच्या नंबरवर फोन लावला. तिनंच उचलला. आवाज एकदम हळू, जसं वर्गात शेजारणीशी बोलावं.

"सगळं नीट हाय मॅडम."

सर हलताहेत का, मी विचारलं. ती म्हणाली, "न्हाय. पन चालतंय, ऱ्हाऊ दे."

थोरल्या भावाचा कॉलेजातला लॅपटॉप, आणि नेट वडिलांच्या फोनच्या हॉटस्पॉटवरून. टॅब किती उघडे आहेत विचारलं तर एकच, आमचा. ब्राउझर जुना होता, म्हणून दुसऱ्या दिवशी तो अपडेट करायला लावला. त्या अपडेटनं वडिलांच्या फोनचा दिवसभराचा डेटा खाऊन टाकला आणि त्या संध्याकाळी तिला तास अजिबातच दिसला नाही. मग ब्राउझरच्या सेटिंगमधली एक कळ बंद करायला लावली. जुन्या लॅपटॉपवर त्या कळीनं व्हिडिओ अडकतो असं मी वाचलं होतं. काही फरक पडला नाही. एकदा तर तिचा ठिपका छान हिरवा होता, मी सहज चौकशीला फोन केला आणि बोलता बोलता राखाडी झाला. मला माझ्या नशिबाचाच राग आला.

शेवटी मी चाचरत विचारलं, सर विचारत होते, मधे धारा काढायला वगैरे उठावं लागतं का तुला? फोन स्पीकरवर असावा, कारण पुढचं उत्तर तिच्या आईनं दिलं.

"पोरगी जागची हालत न्हाय. धारा काढायला मी हाय की अजून. तुमच्या सरास्नी सांगा, म्हशीकडं गेली असती तर म्हस निदान हंबरली तरी असती. हितं नुसतं मुकं चित्र हाय."

मी सरांना हे जसंच्या तसं सांगितलं नाही. फक्त शनिवारची रजा मागितली आणि कशासाठी तेही सांगितलं. एका मुलीसाठी एवढ्या लांब जाणार, असं ते म्हणाले. मी होय म्हणाले. मग तासाचं काय, तर प्रवेशाचं काम बघणाऱ्या माझ्या मैत्रिणीला मी बटणं समजावून ठेवली होती. सरांनी खांदे उडवले.

एसटीनं आजरा आणि तिथून सीटा भरल्या की सुटणारी वडापची जीप. जीपमध्ये माणसं मांडीला मांडी लावून बसलेली. शेजारच्या काकांनी विचारलं, "पावणं, कुणाच्यात निघालासा?" मी सांगितलं तर सगळ्या जीपला ते घर माहीत. मुलीचे वडील शेतातल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. काका म्हणाले त्यांच्यावाचून या गावची एक मोटार सुरू होत नाही, आणि त्यांना फोन लावला तर कधी लागत नाही, कायम कुणाशी तरी बोलतच असतात. तेव्हा मी ते नुसतं ऐकून घेतलं.

घरी गेले तर चहा आधीच उकळत होता. लॅपटॉप शिलाई मशीनवर ठेवलेला, आणि वडिलांचा फोन खिडकीच्या गजाला टेकवून, कारण रेंज तिथेच चांगली. मुलगी माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल. तोंड धुऊन, वेणी घालून, वही उघडून ती बसली होती. सर पडद्यावर आले तशी ती उठून उभी राहिली, आणि मग बसली. मी तिच्या मागे बसले होते. माझेही पाय उठायच्या बेतात होते.

चित्र स्वच्छ होतं, आवाजही. ती भराभर लिहून घेत होती. एवढ्यात खिडकीतला फोन वाजला. शेतीची लाइट आली होती आणि कुणाची तरी मोटार सुरू होत नव्हती. वडिलांनी फोन घेतला, अंगणात जाऊन कुठली वायर काढायची ते मोठ्या आवाजात समजावलं आणि फोन परत खिडकीत आणून ठेवला. वडिलांच्या पहिल्या वाक्यालाच सर थांबले होते. फळ्यावर अर्धं समीकरण, मार्कर टेकलेला.

तो फोन जुना होता. त्यावर बोलणं चालू असेपर्यंत नेट बंद राहायचं. बोलणं संपलं की नेट परत. मी शेजारी नवा टॅब उघडून पाहिला, दुसरी साइट झटक्यात उघडली. म्हणजे आमचा तिसरा प्रकार. मोटारवाल्याचा एक फोन, आणि आमचा प्लेअर कायमचा हरवला. आणि मला माझे फोन आठवले. तिला मदत करायला मी रोज तासाच्या मधेच त्याच नंबरवर फोन लावत होते.

मी मुद्दाम गप्प राहिले. आता ती रीलोड करेल म्हणून वाट बघत बसले; एवढं तर कुणीही करतं म्हणून फोनवर ते मी कधी विचारलंच नव्हतं. तिनं थांबलेल्या फळ्यावरचं अर्धं समीकरण उतरवून घेतलं. मग पुस्तक उघडून त्याच प्रकरणातली गणितं सोडवायला लागली. मधूनमधून मान वर करून सरांकडे बघायची. सर तसेच. लॅपटॉपला तिनं बोटही लावलं नाही.

"अगं, रीलोड का करत नाहीस?" मी न राहवून विचारलं.

तिनं मागे वळून माझ्याकडे बघितलं, काहीतरी भलतंच विचारल्यासारखं. "ते म्हंजे बाहेर जायाचं न्हवं का? पहिल्या दिवशी सर म्हणालते, तास चालू असताना बाहेर गेलेल्याला परत आत घेणार न्हाय."

मला हसू आलं नाही. आमच्या हायस्कुलात तास सुरू असताना कुणी बाहेर गेलं, की परत येताना दारात उभं राहावं लागायचं. आत ये म्हणेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही, आणि काही गुरुजी ये म्हणायचेच नाहीत. पान बंद करून परत उघडणं म्हणजे बाहेर जाणं, हे तिचं म्हणणं मला पहिल्या झटक्यात पटलं. सर फी भरणाऱ्या मुलांना दम देत होते, तास सोडून चहा प्यायला जाणाऱ्यांना. त्या मुलांनी ते कधीच मनावर घेतलं नव्हतं. हिनं घेतलं. जागा जाऊ नये म्हणून ती रोज जे करत होती, त्यानंच तिची जागा जायची वेळ आली होती.

मी तिला रीलोडचं बटण दाखवलं. दाब म्हणाले. ती दाबेना. सरांनी सांगितलं पाहिजे, म्हणाली. मी सांगतेय ना, मी म्हणाले.

"तुमी सर न्हाय," ती म्हणाली. उद्धटपणा नव्हता त्यात. मी सर नव्हतेच.

सोमवारी सकाळी सरांना मी सगळं सांगितलं. वडिलांचा फोन, हरवणारा प्लेअर, आपण पाठवतो ते एकच जड, जास्त नेट खाणारं चित्र, आणि तो पहिल्या दिवशीचा दम. सरांनी शांतपणे ऐकलं आणि मग म्हणाले, "एवढं साधं जिला कळत नाही, ती परीक्षा काय पास होणार?"

या एका वाक्याशी माझं भांडण आहे. तेव्हाही होतं आणि आजही आहे. शहरात वाढलेल्या माणसाला जे आपोआप माहीत असतं, ते माहीत नसणं म्हणजे बुद्धी नसणं, असं कुणीही माझ्यासमोर म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही. मला कॉलेजच्या पहिल्या वर्षी लिफ्टचं दार कसं उघडतं ते माहीत नव्हतं. मी जिन्यानं गेले आणि पेपर लिहून पास झाले.

मी म्हणाले, "सर, तुमचं बोलणं शब्दाला शब्द पाळणारी सगळ्या क्लासमध्ये ती एकटीच आहे. तिलाच काढणार तुम्ही?"

सरांचा चेहरा उतरला नाही, उलट ताठ झाला. नियम सगळ्यांना सारखा, ते म्हणाले. प्रतीक्षेत आहे तीही खेड्यातलीच मुलगी आहे, तिनं काय घोडं मारलंय? हे खरं होतं, आणि मी ते नाकारलं नाही. तिलाही घ्या म्हणाले, पण हिला उठवून नाही.

"तू मला सांगणार, माझी तुकडी कशी चालवायची?"

"हे नाव मी काढणार नाही सर," मी म्हणाले. "तुम्हाला काढायचं असेल तर तुम्ही काढा. पण आधी एकदा तिच्याशी बोला."

सर म्हणाले, बोलतो, आजच, तासातच. सगळ्यांसमोर तिला प्रश्न विचारणार. उत्तर आलं तर राहील. मला हे न्यायाचं वाटलं नाही, कारण दुसऱ्या कुणाला असा प्रश्न विचारला जात नव्हता, आणि ते मी बोलूनही दाखवलं. सर वर्गात निघून गेले.

संध्याकाळी तास रंगात आला असताना सरांनी टेबलावरचा फोन उचलला, नंबर लावला आणि स्पीकर चालू करून माइकजवळ धरला. माझ्या स्क्रीनवर तिचा ठिपका हिरवा होता. तिकडे फोन उचलला गेला आणि ठिपका राखाडी झाला. मी काचेवर बोटांनी वाजवलं आणि माझी स्क्रीन सरांकडे फिरवली.

"हॅलो सर," तिचा आवाज आला. "तुमी थांबलासा."

"मी कुठं थांबलोय? मी इथंच आहे."

"हितं थांबलासा," ती म्हणाली.

सर काचेजवळ आले. त्यांनी हातातल्या फोनकडे बघितलं, मग स्क्रीनवरच्या तिच्या ठिपक्याकडे. हे मी सकाळी सांगितलं होतं, पण स्वतःच्या फोननं स्वतःला थांबवलेलं बघणं वेगळंच असणार. तिला म्हणाले, मागच्या आठवड्यातलं विचारतो.

"इचारा सर. पन मला रोज निम्माच तास दिसलाय. दिसलेल्यातलं कायबी इचारा, सांगते. बाकीचं पुस्तकातनं केलंय, त्यातलं एखादं चुकंल."

सरांनी गुणोत्तराचं एक गणित घातलं. पलीकडे पानं उलटल्याचा आवाज, मग पेनाचा. उत्तर बरोबर आलं. दुसरं त्यांनी न दिसलेल्या भागातलं विचारलं. ते मला आवडलं नाही. ते चुकलं. पण आपण कसकसं गेलो ते तिनं पायरी-पायरीनं सांगितलं, आणि सर तिला मधेच थांबवून, कुठे घसरलीस ते दाखवायला लागले. फळ्याकडे त्यांची पाठ होती. बाकी सगळा क्लास आपापल्या घरी एका फोनवर चाललेली शिकवणी ऐकत होता.

ते संपलं तसं सर म्हणाले, "आता मी फोन ठेवतो. पान रीलोड कर."

"बाहेर जाऊ व्हय सर?"

"जा," सर म्हणाले. "आणि परत ये. मी घेतो आत."

फोन ठेवून सर काचेपाशीच उभे राहिले. कॅमेऱ्यात नुसता फळा दिसत होता. तिचा ठिपका राखाडीच. मग तोही गेला, नावापुढे काहीच राहिलं नाही. मी स्क्रीनकडे वाकले होते, सर काय करत होते ते मी बघितलं नाही. थोड्या वेळानं ठिपका आला, हिरवा. सर फळ्याकडे गेले.

तास संपल्यावर दारातून जाता जाता ते म्हणाले, "राहू दे तिला." एवढंच. सकाळच्या वाक्याबद्दल ते काही बोलले नाहीत. मी वाटही बघितली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र मी तीन गोष्टी मागितल्या. कमी नेटवर चालणारं हलकं चित्रही पाठवायचं. प्रत्येक तासाच्या सुरुवातीला सरांनी स्वतः सांगायचं, की थांबलं तर रीलोड करा, त्याला बाहेर जाणं म्हणत नाहीत. आणि राखाडी ठिपका गैरहजेरी धरायचा नाही. पहिल्या दोन त्यांनी मान्य केल्या. तिसरीवर आमचं अजून भांडण चालू आहे. ते म्हणतात मग कुणीही लावून ठेवून झोपेल. मी म्हणते झोपू दे. एक झोपणारी सापडावी म्हणून जागी असलेली एकही मी काढू देणार नाही. दर महिन्याला हा वाद होतो, दर महिन्याला सर चिडतात, आणि आतापर्यंत एकही नाव निघालेलं नाही.

त्या मुलीचे फोन मला आता येतात. वडिलांच्या फोनला हात न लावता ती शेजारच्या घरातून करते. मॅडम म्हणणं कधी बंद झालं ते माझ्या लक्षात आलं नाही. परवा तासाच्या मधेच तिचा फोन आला. आवाज चांगला खणखणीत.

"अक्का, तुमचं थांबलंय. आमचं नेट चांगलं हाय, दुसरी साइट उघडतीया, रीलोड करून झालंय. तुमच्यातच कायतरी झालंय, उठा आनि बघा."

मी उठले आणि बघितलं. आमच्या राउटरची वायर सैल झाली होती.